तैलरंगात निओक्लासिकल व्यक्तिचित्र: काळ्या कोटाचा रंग मरतो आणि चेहरा पिठूळ होतो, काय करावं?

करवीर_तैलरंग

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्याच एका गृहस्थांचं तैलरंगातलं व्यक्तिचित्र हातात घेतलंय. साठी ओलांडलेले, काळा लोकरी बंद गळ्याचा कोट, खांद्यावर जरीकाठी पांढरं उपरणं, डोक्याला फेटा. प्रत्यक्ष बसायला तयार आहेत. कॅनव्हास ३० × ३६ इंच, उभा. घरच्यांनी दाविद आणि अँग्र या जुन्या फ्रेंच निओक्लासिकल चित्रकारांची चित्रं छापील पुस्तकात बघितलीत आणि त्यांना तसंच हवंय. साधी बॅकग्राउंड, एका बाजूचा शांत उजेड, ब्रशचा फटकारा कुठं दिसायला नको.

छोट्या बोर्डावर चाचणी घेतेय, त्यात दोन ठिकाणी गाडी अडते. कोटाचा काळा ओला असताना खोल दिसतो, वाळला की मधेमधे राखाडी, मेलेले डाग पडतात. आणि चेहरा गुळगुळीत करत गेलं की तो पिठूळ होत जातो. बोर्डावर साधा ॲक्रिलिक प्रायमर आहे, पांढरा टायटॅनियम, पातळ करायला नुसतं टर्पेंटाईन.

पाडव्यानंतर सुरुवात केली तर मधे अख्खा पावसाळा येतो आणि चित्र दिवाळीला भिंतीवर हवंय. कॅनव्हास आणि त्यावरचा पहिला थर आपल्या हवेला धरून कसा करावा? खाली राखाडी थर देऊन वर रंग चढवावा की थेट रंगातच जावं? आणि व्हार्निश कधी?

जुना_इझल

ताई, व्हार्निशचा विचार शेवटी. या पद्धतीत चित्र रेखांकनात आणि टोनमध्येच, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्यांतच ठरतं, रंग त्यावर नंतर बसतो. आपल्या कोल्हापूरकरांच्या डोळ्याला सवय आहे ती जे.जे.च्या वाटेनं आलेल्या अकॅडमिक पद्धतीची. आबालाल रहिमान घ्या, इथंच १८६७ साली जन्मलेले धुरंधर घ्या, बाबूराव पेंटर घ्या. त्या परंपरेत उजेडाच्या जागी रंग जाड बसतो, ब्रशची चाल दिसते आणि तीच चित्राला जिवंत ठेवते. निओक्लासिकल पद्धत त्याच्या आधीची, साधारण १७६० ते १८३० या काळातली, आणि तिची शिस्त वेगळी. बाह्यरेषा बंद असते. उजेड एकच. छाया उथळ आणि पातळ. रंग कमी. चेहऱ्यावर ब्रश दिसत नाही, पण बॅकग्राउंडवर बऱ्याचदा दिसतो. हे शेवटचं छापील पुस्तकात कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय. दाविदच्या बॅकग्राउंड पातळ रंगानं, हॉग ब्रशनं, म्हणजे डुकराच्या राठ केसांच्या ब्रशनं घासून केलेल्या असतात. १८०० साली सुरू केलेलं आणि अपुरंच राहिलेलं त्याचं मादाम रेकामिए यांचं चित्र मोठ्या आकारात बघा, खालचा उजळ थर त्या घासण्यातून दिसतो. बॅकग्राउंडही चेहऱ्याइतकी घोटली तर आकृती तिच्यापासून सुटी पडते आणि सगळं चित्र निर्जीव होतं.

बैठकीबद्दल. अँग्रचं १८३२ सालचं बेर्तँ यांचं व्यक्तिचित्र लूव्रमध्ये आहे. वयस्क, भरदार गृहस्थ, दोन्ही पंजे मांड्यांवर रोवलेले, अंग किंचित पुढं. फेटा बांधलेल्या साठीच्या माणसाला ही बैठक फार शोभेल आणि हाताचं काय करायचं हा प्रश्नही सुटेल. पण ते चित्र ११६ × ९५ सेंमी आहे, म्हणजे साधारण ४६ × ३७ इंच. तुमचा कॅनव्हास त्याहून चांगला १० इंच बुटका. तेव्हा डोकं हनुवटी ते टाळू ७ ते साडेसात इंचांवर आणा, नाहीतर हात खालच्या कडेला कापले जातील. फेट्याच्या माथ्यावर ३ इंच मोकळे ठेवा. माणसाचं खरं डोकं ९ इंचांच्या आसपास असतं, पण खऱ्या मापाचं डोकं चित्रात मोठं वाटतं. थोडं कमी केलेलंच बरोबर दिसतं.

उजेड उत्तरेच्या खिडकीचा घ्या आणि खिडकीचा खालचा निम्मा भाग जाड कागदानं बंद करा. उजेड वरून, ४५ अंशांच्या आसपास पडला की कपाळ, नाकाचा दांडा आणि गालाचं हाड उजळतं आणि नाकाची सावली वरच्या ओठाच्या अलीकडं संपते. सावलीच्या बाजूला पांढरी भिंत असेल तर तिथं करडं कापड टांगा. ती भिंत जबड्याखाली इतका उजेड परत टाकते की सावली दिसतच नाही.

रेखांकन कॅनव्हासवर करू नका. खाकी कागदावर त्याच मापाचं, कोळशानं करा आणि बाह्यरेषेवर पाहिजे तेवढा वेळ घालवा. चेहऱ्याच्या दोन बैठका नुसत्या यावर गेल्या तरी चालतील. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकपुडीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचा तिरपा, कानाची वरची टोक-पातळी, गळ्याच्या कॉलरचा हनुवटीशी होणारा कोन ही मापं ओळंब्यानं तपासा. साम्य यातच येतं. नंतर रंग लावताना ते "आणता" येत नाही, फक्त बिघडवता येतं. मग कागदाच्या पाठीवर कच्ची सिएना, म्हणजे पिवळसर मातीच्या रंगाची पूड चोळून रेषा उतरवा, पातळ अंबरनं (हा तपकिरी मातीचा रंग) पक्की करा आणि उरलेली पूड झटकून टाका. कोळसा राहिला तर पहिला पांढरा हात लगेच मळकट होतो.

आता तुमचा पिठूळपणा. त्याला कारणं दोन. पहिलं, गुळगुळीतपणा तुम्ही मऊ ब्रशनं घोटून आणताय. तो टोनमधून आला पाहिजे. पॅलेटवर बसण्याआधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची राखाडी पट्टी करून घ्या, काळा १, पांढरा ९. गव्हाळ वर्णाच्या चेहऱ्याची उजेडातली सर्वसाधारण जागा ५ ते ६ वर येते, कपाळावरचा आणि नाकाच्या टोकाचा चमकता ठिपका ७, छाया ३. उपरणं उजेडात ८, त्याच्या चुण्यांच्या सावल्या ५ ते ६. कोट उजेडात २ ते ३. बॅकग्राउंड ४ धरा, चेहऱ्याच्या उजळ बाजूमागं किंचित गडद, सावलीच्या बाजूमागं किंचित उजळ. बहुतेकदा चेहरा ७-८ वर चढवला जातो, मग उपरण्याला जागाच उरत नाही आणि सगळं फिकट पडतं.

उजेड आणि छाया यांच्या मधला पट्टा, म्हणजे हाफटोन, चार-पाच वेगवेगळ्या तयार मिश्रणांनी शेजारीशेजारी लावा. प्रत्येक फटका त्या जागेच्या वळणाला आडवा. शेजारचे दोन टोन जेमतेम एका पायरीच्या अंतरावर असले की ते लांबून आपोआप मिळतात. मग कोरड्या, स्वच्छ, मऊ ब्रशनं एकदाच, वजन न देता फिरवायचं. दोनदा-तीनदा फिरवलं की पाचही टोन एकात कालवले जातात आणि चेहरा मेणाच्या पुतळ्यावर येतो.

दुसरं कारण पांढरा. तो भाग खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच. पण इतकं पाळा, उजळ करायला नुसता पांढरा कधीच घालायचा नाही. प्रत्येक पायरी चढताना पांढऱ्याबरोबर पिवळा गेरू आणि नखभर लाल जायलाच हवा.

पाचर_ठोक

साहित्याचं बघूया.

मेलेल्या काळ्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. ॲक्रिलिक प्रायमर शोषक असतो, वर तुम्ही नुसत्या टर्पेंटाईननं रंग पातळ करताय. टर्पेंटाईन उडून गेलं, तेल खालच्या थरानं पिऊन टाकलं, वर उरली पूड. पूड उजेड सगळीकडं फेकते म्हणून राखाडी दिसतं. रंग खराब झालेला नसतो, पृष्ठभागावरचं तेल गेलेलं असतं. आयव्हरी ब्लॅकमध्ये हे जास्त जाणवतं, कारण गडद रंगातच चमक आणि फिकेपणा यातला फरक डोळ्यात भरतो. अंबरचा थर खाली असेल तर तोही तेल पितो.

उपाय खालून सुरू होतो. ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात आडवे-उभे द्या, वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिशपेपरनं हलकं घासा. त्यावर पांढऱ्या तैलरंगात थोडं कच्चं अंबर आणि चिमूटभर पिवळा गेरू मिसळून रुंद पॅलेट नाइफनं पातळ ओढून घ्या, विणीचे खड्डे भरतील इतकंच. टोन ७ च्या आसपास, उबदार राखाडी. हा तैलथर निदान तीन आठवडे वाळू द्या. यावर रंग बसतो, शोषला जात नाही, आणि या शैलीला लागणारा सपाट पृष्ठभागही मिळतो. उलटं मात्र कधी करू नका, तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रा सुटतो.

जुन्या पद्धतीनं सरस लावून कॅनव्हास करायचा मोह होईल. आपल्या पावसाळ्यात नको. सरस हवेतला ओलावा धरतो, कॅनव्हास लोंबतो, वर बुरशीला खायला मिळतं. लाकडाचा पांढरा गोंद पाण्यात कालवून लावायची रीत आहे, तीही टाळा.

तागाचा कॅनव्हास मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड विणीचं सुती डक. स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट, जुन्या, मुरलेल्या सागवानाचा, पट्टी अडीच इंच रुंद आणि पाऊण इंच जाड, आतली कड पाव इंच उतरती करून घ्या. ती उतरती नसली तर वर्षा-दोन वर्षांत पट्टीची कड चित्रात चौकटीसारखी उमटते. ३६ इंच उंचीला मधे एक आडवी पट्टी हवीच. कोपरे खिळे मारून पक्के करू नका, पाचरा ठेवा. आणि पावसात कॅनव्हास ढिला वाटला म्हणून लगेच पाचर ठोकू नका. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी पडली की तो ताण जास्त होतो आणि तडे जातात. पाचरेला हात लावायचा तर हवा स्थिर झाल्यावर.

पांढऱ्याबद्दल. दाविद-अँग्रच्या काळात टायटॅनियम नव्हताच, तो गेल्या शतकात आला. त्यांचा पांढरा शिशाचा. तो टायटॅनियमपेक्षा कितीतरी कमी झाकतो, इतर रंगांना गिळत नाही, लवकर वाळतो आणि थर लवचिक राहतो. त्यांच्या चेहऱ्यातली पारदर्शक उब पुष्कळशी त्यामुळं आहे. ट्यूबवर पीडब्ल्यू १ लिहिलेलं असेल तर तो शिशाचा. पीडब्ल्यू ६ टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ झिंक. नावात फ्लेक व्हाइट असलं आणि पुढं ह्यू लिहिलेलं असलं तर तो शिशाचा नाही, पाठीमागचा नंबर वाचा. झिंक खालच्या थरात नको, त्याचा थर ठिसूळ होतो आणि पुढं सोलून निघतो. पीडब्ल्यू १ मिळाला तर ट्यूबमधलाच घ्या, हातमोजे घाला, काम करताना खाणं-पिणं नाही आणि वाळलेला थर कोरडा घासायचा नाही. हार्डवेअरच्या दुकानातला सुटा सफेदा आणून तेलात घोटायच्या फंदात पडू नका. त्यात काय मिसळलंय कळत नाही, आणि शिसं असेल तर पूड छातीत जाते.

नाही मिळाला तर टायटॅनियमनं चित्र होतं, पण तो नेहमी घालता त्याच्या निम्म्यानं सुरू करा.

तेल आणि टर्पेंटाईन आर्टिस्ट दर्जाचंच. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, दाराखिडक्यांसाठी ठीक आहे. ते गडद असतं, पिवळं पडतं, आत काय ड्रायर घातलाय सांगता येत नाही. रंगाच्या दुकानातलं सुटं टर्पेंटाईन बऱ्याचदा पेट्रोलियमचं असतं, त्यात डॅमर राळ नीट विरघळत नाही, व्हार्निश गढूळ होतं.

पहिल्या थराला टर्पेंटाईन जास्त, तेल जवळजवळ नाहीच. दुसऱ्याला तीन भाग टर्पेंटाईन, एक भाग जवसाचं तेल. शेवटच्याला फार तर निम्मं-निम्मं. वरचा थर खालच्यापेक्षा नेहमी जास्त तेलाचा. आणि एक, तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गुंडाळलेला बोळा स्वतःहून पेट घेतो. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

तांबडा_गेरू

वरचं सगळं मान्य, पण राखाडी थराबद्दल थोडं वेगळं मत.

निओक्लासिकल म्हटलं की आधी पूर्ण राखाडी चित्र आणि मग त्यावर रंगाचे पारदर्शक थर, असं सरसकट सांगितलं जातं. दाविदची अपुरी चित्रं तसं सांगत नाहीत. १७९७-९८ च्या सुमाराचं त्याचं बोनापार्टचं अपुरं चित्र लूव्रमध्ये आहे. डोकं रंगात बरंचसं झालेलं, बाकी अंग उजळ थरावर नुसत्या तपकिरी रेषांत. म्हणजे चेहरा थेट रंगात, समोर बसलेल्या माणसावरून, वेगानं. अँग्रच्या घराण्यात मात्र खालचा मंद, राखाडीकडं झुकणारा थर आहे. दोन्ही वाटा खऱ्या.

साठीच्या माणसाला दोन तासांपेक्षा जास्त बसवत नाही. चेहऱ्याचा रंग दर बैठकीला, दर हवेला बदलतो. राखाडीत आधी आकार ठरवला तर पुढच्या बैठका फक्त रंगाकडं लक्ष देता येतं, हा त्याचा खरा फायदा. तोटा असा की वरून पारदर्शक रंग चढवत राहिलं तर गव्हाळ त्वचा मृत, हिरवट होते. तेव्हा मधली वाट घ्या. चेहरा आणि हात कच्चं अंबर आणि पांढरा यांत, सगळ्या टोनमध्ये, पण अंतिम टोनपेक्षा एक पायरी उजळ ठेवून करा. निव्वळ काळा-पांढरा वापरू नका, तो राखाडी निळसर असतो. वाळल्यावर त्यावर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर नको, अपारदर्शक पण पातळ त्वचेचा रंगच लावा. खालचा थर फक्त सावलीत आणि हाफटोनच्या काठावर डोकावू दे.

कोटाला राखाडी थराची गरज नाही. तिथं जळका अंबर पातळ घासून बाह्याकार भरा, बास.

करवीर_तैलरंग

सगळ्यांचे मनापासून आभार. तैलथराचं आजच करायला घेते. दोन शंका राहिल्या. त्वचेचं आणि काळ्याचं मिश्रण नेमकं कशाचं? आणि उपरणं कोटावरून येतं, तर कोट पूर्ण करून वर पांढरं काढायचं का? फेटा गर्द गुलाबी आहे, तो चेहऱ्याला खाऊन टाकेल अशी भीती वाटते.

जुना_इझल

त्वचेला पाच रंग पुरतात. पांढरा, पिवळा गेरू, तांबडा गेरू किंवा लाइट रेड, जळका अंबर, आयव्हरी ब्लॅक. गालाला आणि कानाला लागेल तेवढा कॅडमियम रेड वेगळा. त्या काळी तिथं हिंगूळ असे.

उजेडाचं मूळ मिश्रण अंदाजानं तीन भाग पिवळा गेरू, दोन भाग पांढरा, एक भाग तांबडा गेरू. समोरच्या माणसाच्या हनुवटीजवळ पॅलेट नाइफ धरून तपासा आणि त्यावरून हलवा. हाफटोनसाठी यातच आयव्हरी ब्लॅक आणि पिवळ्या गेरूचं वेगळं केलेलं मिश्रण थोडं थोडं घाला. ते हिरवट राखाडी असतं आणि गव्हाळ चेहऱ्याच्या वळणावर तेच हवं. छायेला जळका अंबर आणि तांबडा गेरू, पांढरा अजिबात नाही, आणि पातळ. छायेत पांढरा गेला की पिठूळपणा तिथूनही येतो.

कपाळ पिवळ्याकडं, गाल-नाक-कान तांबड्याकडं, दाढी केलेला जबडा राखाडीकडं झुकतो. हे तीन पट्टे किंचितच वेगळे ठेवले तरी चेहऱ्यात रक्त येतं. डोळ्याचं पांढरं हे पांढरं नसतं, टोन ५ चा राखाडी असतो. मिशा पांढऱ्या असतील तर आधी त्यांचा सावलीचा आकार, केस शेवटी आणि मोजके.

काळा. आयव्हरी ब्लॅक एकटा कधीच नाही. तो सावकाश वाळतो आणि एकसुरी दिसतो. निम्मा जळका अंबर घाला. अंबरमधलं मँगनीज वाळायला मदत करतं. थंड बाजूसाठी प्रशियन ब्लू, पण तांदळाच्या दाण्याएवढाच. तो इतका जोरकस असतो की जास्त झाला तर कोट निळा होतो. उजेडात आलेल्या खांद्यावर याच मिश्रणात थोडा पांढरा आणि गेरू घालून टोन ३ करा. लोकरीला चमक नसते, म्हणून खांद्यावर ठिपक्यानं उजेड टाकू नका, रुंद, मंद पट्टा हवा. सगळ्यात गडद काळा फक्त काखेत, कॉलरच्या मागं, बटणांच्या खाली आणि शिवणीच्या रेषेत. एवढ्या चार जागा राखल्या की बाकीचा २-३ टोनचा कोटही काळाच वाचला जातो.

थर पातळ. जाड काळ्यावर लवकर वाळणारा रंग गेला की तडे जाणारच. याच कारणानं डांबरी तपकिरी रंगापासून लांब राहा. त्या काळात बऱ्याच चित्रकारांना त्याच्या उबेचा मोह पडला आणि त्यांच्या सावल्या आज रुंद भेगांनी फाटलेल्या दिसतात. डांबर कधी पुरतं वाळतच नाही.

जरीकाठ

उपरणं आणि फेटा माझ्याकडून.

कोटावर पांढरं काढायचं नाही. रेखांकनातच उपरण्याची जागा राखून ठेवा आणि कोट त्याच्या कडेपर्यंत आणून थांबवा. मग एकाच बैठकीत कड दोन्ही बाजूंनी ओली करून मिळवा. कुठं धारदार, कुठं किंचित विरघळलेली. काळ्यावर पांढरं चढवलं तर तडे तर जातीलच, शिवाय काही वर्षांत वरचा पांढरा पारदर्शक होऊन खालचा काळा डोकावतो.

बैठकीत उपरणं दर वेळी वेगळं पडतं. एकदा मनासारख्या चुण्या पडल्या की ते तसंच टाचण्या लावून, तोच कोट घातलेल्या धडाच्या पुतळ्यावर चढवा आणि गृहस्थ नसताना त्यावरून काम करा. चुण्या मोजक्या ठेवा. खांद्यावरून सुटणारा एक मुख्य ओघ, त्याला दोन-तीन फाटे, बाकी विसरून जा. या पद्धतीत कापडाखालचं अंग कळलं पाहिजे. चुणी उजेडाच्या बाजूला कडक आणि सावलीकडं मऊ. सगळ्यात उजळ पांढरा एकाच चुणीच्या माथ्यावर, तोही चेहऱ्याजवळच्या. सावल्या आयव्हरी ब्लॅक, पांढरा आणि गेरूचा करडा हिरवट. निळा नको, निळ्या सावलीनं उपरणं सिंथेटिक दिसतं.

जरीला सोनेरी रंग लावू नका, उजेड बदलला की तो तपकिरी चिखल होतो. कच्ची सिएना आणि अंबरचा गडद पट्टा ओढा, त्यावर पिवळा गेरू, आणि जिथं काठ उजेडाकडं वळतो तिथंच दोन-चार ठिकाणी उजळ पिवळ्याचे तुटक टिपके. काठाची नक्षी फक्त गुडघ्याजवळच्या सपाट भागात वाचता आली पाहिजे, बाकी ठिकाणी सुचवा.

फेटा स्टँडवर बांधून ठेवा, दर वेळी नव्यानं बांधला तर पीळ बदलतात. पीळ मोजा आणि शेवटपर्यंत तेवढेच ठेवा. गुलाबीचा दर्जा मुद्दाम उतरवा. सावलीतली गुलाबी तांबड्या गेरू आणि अंबरमध्ये बुडू द्या, खरा गुलाबी फक्त उजेडाकडच्या एक-दोन पिळांवर. टोननं फेटा कपाळापेक्षा एक पायरी गडद ठेवला की नजर चेहऱ्यावर राहते. आणि अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, पांढऱ्यात मिसळून वापरू नका, तो उजेडानं उडतो. क्विनाक्रिडोन घ्या. फेट्याची सावली कपाळावर पडते, ती उबदार आणि पातळ हवी. गुलाबीचा हलका परावर्तित रंग तिथं येतो, तेवढ्यानं फेटा डोक्यावर बसतो.

पाचर_ठोक

पावसाळा आणि व्हार्निश राहिलं होतं.

मे-अखेरपर्यंत चेहरा, हात आणि कोटाचा पहिला हात झालेला असावा. जून ते सप्टेंबर काम करता येतं, फक्त दोन थरांमधलं अंतर वाढवा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत वाळणारा काळा पावसात दोन आठवडेही घेतो. तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून हवा खेळती आणि खोलीत उजेड हवा. कपाटात किंवा अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर जवसाचं तेल पिवळं पडतं. चित्र बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका. मागच्या बाजूला पांढरट बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशनं, चित्र उभं धरून झाडा, ओलं फडकं फिरवू नका.

इतकं करूनही कोटात कुठं मेलेला डाग आला तर वर रंग लावू नका. तेल आणि टर्पेंटाईन निम्मं-निम्मं, धागे न सुटणाऱ्या सुती कापडावर दोन थेंब, डागावर चोळा, पाच मिनिटं थांबा आणि स्वच्छ कापडानं पुसून जवळजवळ सगळं काढून घ्या. काळा परत खोल दिसेल. मग टोन बघा, बऱ्याचदा दुरुस्तीची गरजच नसते. तेल पुसून न काढता सोडलं तर तिथं चिकट, पिवळी, सुरकुतलेली साय धरते.

दिवाळीला द्यायचं तर रिटच व्हार्निशचा (हे तात्पुरतं, पातळ व्हार्निश) एक पातळ हात, तोही काळा बोटाला कोरडा लागल्यावरच. शेवटचं व्हार्निश पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे काम संपून सहा महिने ते वर्ष झाल्यावर. तपासायला कापसाच्या बोळ्यावर थोडं टर्पेंटाईन घेऊन कोटाच्या खालच्या कोपऱ्यात फिरवा. बोळा काळा झाला तर अजून थांबायचं. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, चित्र मेमध्ये दोन दिवस परत लागेल म्हणून.

व्हार्निश मॅट घेऊ नका, काळ्याची खोली जाते. चमकदारात थोडं सॅटिन मिसळा. टांगताना वरची कड भिंतीपासून इंचभर पुढं झुकवा म्हणजे समोरच्या खिडकीची चमक कोटावर येणार नाही, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे बुचाचे तुकडे लावा, मागं हवा फिरली पाहिजे.

करवीर_तैलरंग

पाचरदादा, रिटच व्हार्निश फवाऱ्याचं की ब्रशचं?

पाचर_ठोक

ब्रशचं, दोन इंची मऊ, चित्र आडवं ठेवून, एका दिशेनं आणि परत मागं न जाता. दिवस कोरडा निवडा, दसऱ्यानंतरची दुपार बरी. हवेत दमटपणा असताना लावलं तर व्हार्निशवर दुधाळ धूसर पडदा येतो आणि तुमचा काळा पुन्हा राखाडी दिसायला लागतो.